वरच्या मजल्यावरचं कुळ

मेलेल्या नातेवाइकांशी इतके ताजे संबंध ठेवणारा दुसरा जिवंत माणूस अख्ख्या अमिरातीत सापडणार नाही, हे मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या स्कॉटिश शेजाऱ्यांबद्दल पैजेवर सांगायला तयार आहे. तुमच्या-माझ्यासारखी माणसं सकाळी लिफ्टमध्ये भेटली की ट्रॅफिकबद्दल बोलतात. शारजात अल नहदाला राहून रोज दुबईला कामाला जाणाऱ्यांना दुसरा विषय असतोच कुठे? हे गृहस्थ मात्र अकराव्या मजल्यापासून पार्किंगपर्यंतच्या पाऊण मिनिटात आपल्या कुळातल्या एका गायचोराची हकिकत सुरू करत, आणि तीही अशी की तो चोर कालच पकडला गेला असावा. पार्किंग आलं की हकिकत अर्धवट राही आणि दुसऱ्या दिवशी बरोबर तिथूनच पुढे चालू होई. मी एकदा वैतागून जिन्याने उतरलो, तर चोराचं पुढे काय झालं या विचाराने दिवसभर ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग कुळाच्या थोरल्या पातीत एक आणि धाकट्या पातीत दुसरं आहे, आणि मी कुठलंही लिहिलं तरी कुणीतरी तलवार उपसेल. बिल्डिंगमधली मुलं त्यांना ‘क्लॅन अंकल’ म्हणत. क्लॅन म्हणजे कुळी. एका मूळपुरुषाचे वंशज, त्यांचा एक मुखिया, त्यांचा एक चौकड्यांचा कपडा आणि शेकडो वर्षं जपलेली घनघोर भाऊबंदकी, असा एकूण प्रकार. स्वतः साहेब पेशाने क्रेन तपासणारे. रास अल खोरच्या वर्कशॉपांमधून उन्हातान्हात हिंडून कुठल्या क्रेनचा दोर झिजलाय, कुठला हुक वाकलाय ते बघायचं आणि सर्टिफिकेट द्यायचं किंवा नाकारायचं. वय एकोणसत्तर, आणि सगळ्या टॉवरमध्ये गोरा माणूस हा एकच. त्यांच्याबरोबरचे बाकीचे गोरे केव्हाच व्हिलांमध्ये राहायला गेले होते. हे गेले नाहीत, कारण ही बाल्कनी त्यांच्या बायकोने पसंत केली होती. ती सहा वर्षांपूर्वी वारली. एवढी एकच गोष्ट त्यांनी मला दोन वाक्यांत सांगून संपवली होती.

कुणाशीही ओळख झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: तुमचं कुळ कोणतं? आमच्या पठाण वॉचमनने या प्रश्नावर उभ्या उभ्या नऊ पिढ्या म्हणून दाखवल्या, तेव्हा साहेबांनी वर जाऊन स्वतःच्या घरातली गादीची खुर्ची त्याला आणून दिली. माझी पाळी आली तेव्हा मी आजोबांपर्यंत छान गेलो. पणजोबांपाशी अडखळलो. गणपत असावेत, किंवा गोविंद, असं काहीतरी पुटपुटलो. झिजलेल्या दोराच्या क्रेनकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, की तूर्तास ते मला पास करू शकत नाहीत.

मी एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढणाऱ्या कंपनीत आहे हे कळल्यावर मात्र माझा भाव वधारला. आमच्या ऑफिसात मोठ्या कागदावर छापणारं प्लॉटर आहे. साहेबांची वंशावळ तेव्हा एकशे बारा छोट्या कागदांवर होती, चिकटपट्टीने जोडलेली. चार रविवार खपून मी ती कॉम्प्युटरवर चढवली आणि ‘डक्ट लेआउट, रिव्हिजन ए’ या नावाखाली छापून आणली. चार मीटर लांब निघाली. ती त्यांनी घराच्या पॅसेजमध्ये अशी लावली की बाथरूमचं दार उघडलं की एक अख्खं शतक दुमडलं जाई. मग एडिनबराहून त्यांच्या धाकट्या पातीच्या भावाने एक चुकलेला काका शोधून कळवला, म्हणून रिव्हिजन बी. पुढे सी, डी. आमच्या मॅनेजरने एकदा विचारलं, की हा कुठला प्रोजेक्ट आहे रे, संपतच नाही? मी म्हटलं, क्लायंट फार बदल करतो.

हे काम करताना दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. एक म्हणजे त्या झाडावर पुरुष कसा जन्मला, कुठे लढला, कशाने मेला ते सगळं होतं, आणि त्याच्या बायकोच्या चौकोनात बहुतेक वेळा ‘शेजारच्या खोऱ्यातली एक मुलगी’ एवढंच. दुसरी म्हणजे अगदी खाली, साहेबांच्या स्वतःच्या नावाशेजारचा चौकोन रिकामा होता. मी विचारलं, तर म्हणाले, तो पुढच्या रिव्हिजनला भरू. प्रत्येक रिव्हिजनला असंच म्हणाले.

त्यांच्या पोशाखाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वर्षातून एकदा, ज्या लढाईत त्यांचं कुळ सपाटून हरलं त्या दिवशी, ते कुळाचा चौकड्यांचा लोकरी घागरा नेसून खाली येत. जिंकलेल्या लढाया कुणीही लक्षात ठेवतो, त्याला कुळ लागत नाही, असं त्यांचं मत होतं. तिथीचा दिवस नेमका भर उन्हाळ्यात. बाहेर शेहेचाळीस डिग्री, आणि हे नखशिखांत लोकरीत. शारजात पुरुषाचे गुडघे झाकलेले असावेत म्हणून घागरा शिंप्याकडून चार बोटं खाली सोडवून घेतलेला. एकदा लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावर एक केरळी गृहस्थ पांढरी मुंडू, म्हणजे तिकडची लुंगी, नेसून शिरले. दोघांनी एकमेकांना आपादमस्तक न्याहाळलं, आदराने मान हलवली आणि तळमजल्यापर्यंत दोघेही ताठ उभे राहिले. मी पँट घालून मध्ये उभा होतो, मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

आणि मग तो कप. कुळाच्या वारशातल्या आता तीनच वस्तू उरल्या होत्या. खांद्यावर लावायचा, खडा पडलेला एक बिल्ला, मोज्यात खोचायचा एक सुरा, जो विमानात नेऊ देत नाहीत म्हणून एडिनबराच्या भावाकडे अडकून पडला होता, आणि हा चांदीचा कप. कप म्हणजे खरं तर उथळ वाटीच, दोन बाजूंना दोन चपटे कान असलेली. दोन कान का, तर पाहुण्याचे दोन्ही हात गुंतलेले राहावेत आणि पिताना त्याला खंजीर काढता येऊ नये. मूळ पेय व्हिस्की, आणि शारजात दारूबंदी, म्हणून मला त्यात त्यांनी कडक चहा दिला. चांदी अशी तापली की बोटं भाजू लागली, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे कप ठेवताही येईना. कपाच्या एका बाजूला पोचा होता. थोरल्या पातीच्या मते तो तलवारीच्या वाराचा, धाकट्या पातीच्या मते त्यावर एकदा एक लठ्ठ आत्या बसली होती. कपावर कुठेही एक अक्षर नव्हतं. कुणाचा आहे ते कुळाला ठाऊक आहे, मग लिहायचं कशाला?

अडीचशे वर्षं हा कप थोरल्या पातीत बापाकडून पोराकडे येत राहिला आणि साहेबांपाशी येऊन थांबला. त्यांना एकच मुलगी, ग्लासगोला दातांची डॉक्टर. तिने साफ सांगितलं होतं, की मेलेल्या पुरुषांचा तो कप मला नको. आपण निवृत्त होऊन जूनमध्ये कायमचे परतणार, आणि मग तो धाकट्या पातीच्या भावाकडे सोपवावा लागणार, असं साहेब म्हणायचे. त्याने कुळाच्या सभागृहात काचेची पेटीसुद्धा तयार ठेवली होती. साहेब हे हसत हसत सांगत, पण सांगताना कप हातात फिरवत राहत, खाली ठेवत नसत.

एप्रिलमध्ये माझी आई कराडहून आमच्याकडे राहायला आली. साहेब भेटायला खाली आले, चपलांच्या रॅकपाशी उभे राहिले आणि आपल्या वर्कशॉपच्या हिंदीत त्यांनी तिला तोच प्रश्न विचारला. आईने टीव्हीवर कमावलेल्या हिंदीत कुळी सांगितली, मूळ गाव सांगितलं, सासरची अकरा नावं घडाघडा म्हटली, एक घोट पाणी प्यायली आणि माहेरची सुरू केली. साहेब रॅकवर बसले. लढाईला जाताना त्यांच्या कुळाचे लोक टोपीत एका विशिष्ट रानझुडपाची डहाळी खोचत असत असं त्यांनी सांगितलं, तेव्हा आई माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे देवक. आपलं कळंबाचं, ह्यांचं ते झुडूप.” मग तिने त्यांना विचारलं, तुम्ही थोरल्या पातीचे की धाकट्या? तीस वर्षांच्या अमिराती मुक्कामात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला असावा. ते तिला ‘माताजी’ म्हणू लागले. ते गेल्यावर आई जरा फणकारली, की माताजी काय, चार-पाच वर्षांनी तर मोठी आहे मी.

आईने वर डिंकाचे लाडू पाठवले. संध्याकाळी साहेब डबा घेऊन आले आणि झाकणावरच्या टिंबाटिंबांच्या अक्षरांवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारू लागले. ते माझ्या आजीचं नाव होतं, सौ. हौसाबाई. आईने समजावलं, की आमच्यात भांड्यावर नाव घालतात. लग्नात, बारशाला, कुणी गेलं तर त्याच्या आठवणीला. वंशावळीत सासूबाईंचं नाव नाही, तिथं नुसते पुरुष. बायकांची नावं भांड्यांवर. साहेब दुसऱ्या दिवशी वही घेऊन आमचं स्वयंपाकघर तपासायला आले. क्रेन तपासावी तसं एकेक भांडं उलटंपालटं करून त्यांनी चार बायका शोधल्या, ज्यांच्या डब्यांतून मी पंधरा वर्षं पोहे आणि साखर काढत होतो. पाचवी माझ्या हत्यारांच्या कपाटात निघाली. ज्या पितळी डबीत मी स्क्रू ठेवत असे, तिच्या बुडाला लिहिलेलं होतं: सौ. भागीरथी गणपत. माझी पणजी. साहेबांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि पास झाल्याचं जाहीर केलं.

त्याच दिवशी भांडी परत लावता लावता आईने त्यांना सहज विचारलं, “तुमच्या मिसेसचं नाव काय?” आम्ही सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. साहेब म्हणाले, मोराग. आणि वही मिटून वर गेले.

पुढचं सगळं माझ्या गैरहजेरीत घडलं. मी तीन दिवस अबुधाबीला, खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या साइटवर होतो. आईने साहेबांना शिकवलं होतं, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. पण नुसता डबा भरून देणं त्यांना कमी वाटलं असावं. कुळाचा कप घराबाहेर जातो तो फक्त सन्मान म्हणून, असं सांगून त्यांनी तो आपल्या हातच्या लोण्याच्या बिस्किटांनी भरून आईला नेऊन दिला. आईने बिस्किटं डब्यात काढली, काळाकुट्ट कप बघून हळहळली, आणि दंतमंजन घेऊन अडीचशे वर्षांचा काळेपणा वीस मिनिटांत घासून काढला. मग तो पुसताना तिच्या लक्षात आलं, की एवढं चांदीचं भांडं आणि त्यावर नाव नाही.

शनिवारी कुकरचं झाकण बदलायला ती माझ्या मुलीला, इराला, घेऊन बर दुबईच्या भांड्यांच्या दुकानात गेली. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा कप जेवणाच्या टेबलावर आरशासारखा लखलखत होता, आणि बरोबर पोच्याच्या वर, सुबक टिंबांत, लिहिलेलं होतं: कै. सौ. मोराग यांच्या स्मरणार्थ.

मी विचारलं, हे काय केलंस? “नाव घातलं,” आई म्हणाली. “ते भांडं आता धाकट्या पातीच्या घरात जायचं ना? तिथं चार भांड्यांत मिसळलं, म्हणजे कुणाच्या घरचं ते ओळखायचं कसं? आडनाव नाही घातलं, आडनाव त्यांचंबी तेच. आणि ती नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून सौ. पाहिजेच.” इरा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, “बाबा, आय टोल्ड हर इट्स ॲन अँटीक. शी सेड, सो ॲम आय.” तीच आजीबरोबर जाऊन, नाव कागदावर लिहून देऊन आली होती, हे मला नंतर कळलं.

एका ओळखीच्या सराफाला फोन केला. तो म्हणाला, अक्षरं घासून जातील, पण चांदी पातळ आहे, भोक पडेल. तेव्हा जे व्हायचं ते होवो म्हणून मी कप घेऊन वर निघालो. आईने तो माझ्या हातून काढून घेतला, शंकरपाळ्यांनी भरला, आणि माझ्या मागोमाग जिना चढली. साहेबांनी दोन्ही हातांनी कप घेतला. अक्षरं दिसल्यावर माझ्याकडे बघितलं. मी मेलेल्या आवाजात अर्थ सांगितला. खुर्चीत बसले, शंकरपाळे एकेक करून बशीत काढले, रुमालाने कप पुसला आणि आत निघून गेले. खाली आल्यावर आईने मला विचारलं, “चुकलं का माझं?” मी रागात होतो. हो म्हणालो. ती रात्री जेवली नाही, आणि मला अजून त्या ‘हो’ची लाज वाटते.

दोन दिवस ते लिफ्टमध्ये दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी रास अल खोरहून आलेले तसेच, हेल्मेट काखेत, आमच्या दारात उभे राहिले. बसले नाहीत. प्रामाणिक माणूस, त्यांनी कपाचा फोटो धाकट्या पातीच्या भावाला पाठवला होता. भावाचं चार ओळींचं उत्तर आलं, की अशी इजा झालेली वस्तू कुळाच्या पेटीत ठेवता येणार नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. तोच फोटो त्यांनी मुलीलाही पाठवला होता. कुळाबद्दलच्या त्यांच्या लांबलचक मेलना ती एक अंगठा पाठवून मोकळी होत असे. यावेळी पाच मिनिटांत फोन आला, चालू दवाखान्यातून.

“तीस वर्षं मी तिला कुळाच्या गोष्टी सांगतोय,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच तिने उलट प्रश्न विचारला. यावर काय लिहिलंय, म्हणाली. मी सांगितलं. तर म्हणाली, बाबा, सहा वर्षांत तुम्ही आईचं नाव एकदाही घेतलं नाहीत. मला वाटलं होतं, विसरलात.”

एवढं बोलून ते हेल्मेटकडे बघत उभे राहिले. मग आईकडे वळून आपल्या हिंदीत म्हणाले, “माताजी, गलती हुआ. लेकिन इसको ठीक नहीं करने का. कप बेटी लेगी.” आईने पदर डोळ्याला लावला आणि त्यांना भाऊजी म्हणून आत बोलावलं. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली आणि पूर्वजांपैकी एकाचंही नाव काढलं नाही. बोलले ते फक्त मोरागबद्दल. ती गाडी फार जोरात चालवायची, तिने अरबी शिकून भाजीवाल्यांना घाबरवून सोडलं होतं, आणि कुळाच्या त्या घागऱ्याला ती शेवटपर्यंत टेबलक्लॉथ म्हणत आली होती.

जूनमध्ये मुलगी त्यांना न्यायला आली. उंच, अबोल, बापासारखीच तांबूस. व्हिसा रद्द झाला होता, सामान गेलं होतं, विमान संध्याकाळचं होतं. दोघं निरोप घ्यायला खाली आली. मुलीच्या पर्समध्ये टॉवेलात गुंडाळलेला कप होता. तिने तो काढला, सोफ्यावर आईला खेटून बसली आणि इराला इंग्रजीत विचारलं, की या सगळ्या अक्षरांत माझी आई कुठे आहे, ते आजींना दाखवायला सांगशील? इराने आजीला सांगितलं. आईने चष्मा लावला, साहेबांच्या त्या पोरीचं बोट आपल्या हातात धरलं, आणि ते टिंबांवरून सावकाश फिरवत मोठ्याने वाचलं, मो, रा, ग. बोट शेवटच्या अक्षरावर थोडा वेळ थांबलं. साहेब दारात उभे होते. मग त्या पोरीने बोट उचलून परत पहिल्या अक्षरावर आणून ठेवलं, आणि आईने पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.